भाड्याचं घर, छतावरचे अलार्म

ब्रिस्बेनमध्ये आमच्या भाड्याच्या घराचा करार वाढवायची वेळ आली की एक तंत्रज्ञ शिडी घेऊन येतो. करार सुरू होण्याआधीच्या किंवा वाढवण्याआधीच्या 30 दिवसांत मालकाने घरातला प्रत्येक स्मोक अलार्म तपासून, स्वच्छ करून घ्यावा, असा क्वीन्सलंडचा कायदा आहे. मालक स्वतः येत नाहीत, एजंट या माणसाला पाठवतो. या खेपेला मी त्याच्या मागेमागे खोल्यांतून हिंडले.

त्याने अलार्म फिरवून खाली काढला आणि आधी पाठीवरची तारीख वाचली. दहा वर्षं झाली की वाजत असला तरी बदलायचाच. मग व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने फटींतली धूळ, जाळी आणि एक बारीकसा किडा ओढून घेतला. ‘रात्री उगाच वाजतो म्हणून लोक तक्रार करतात ना, ते बऱ्याचदा यांच्यामुळे,’ तो म्हणाला. आतल्या काळ्या कप्प्यात प्रकाशाचा झोत असतो आणि सेन्सर मुद्दाम त्या झोताच्या वाटेबाहेर बसवलेला असतो. धूर शिरला की त्याच्या कणांवरून प्रकाश विखुरतो, सेन्सरपर्यंत पोचतो आणि अलार्म वाजतो. किडाही तेच करू शकतो. हा फोटोइलेक्ट्रिक प्रकार. अमेरिशियम वापरणारे जुने आयोनायझेशन अलार्म भडकलेल्या ज्वाळा लवकर ओळखतात, पण गादी किंवा सोफा नुसता धुमसत असेल तर त्यांना उशीर होतो. झोपलेल्या माणसाला तो उशीर परवडत नाही, कारण धुराच्या वासाने जाग येईलच असं नाही.

बेडरूममध्ये त्याने टेप काढली. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथून 300 मिलिमीटर दूर, पंख्याच्या पात्यांपासून 400 मिलिमीटर दूर. कोपऱ्यात हवा साचून राहते, पंखा धूर उधळून लावतो. मग त्याने हॉलवेतल्या अलार्मचं बटण दाबलं आणि सगळं घर एकदम किंचाळलं, मुलांच्या बंद दाराआडच्या खोलीसकट. हे सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले असतात.

ही जोडणी कायद्यात येण्यामागे 11 माणसांचे जीव आहेत. ब्रिस्बेनच्या दक्षिणेला लोगन शहरातल्या स्लॅक्स क्रीकमध्ये 23-24 ऑगस्ट 2011 च्या मध्यरात्री एका घराला आग लागली आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांतल्या तीन पिढ्या तिच्यात गेल्या. कॉरोनरच्या चौकशीनंतर 2016 मध्ये कायदा बदलला. 1 जानेवारी 2022 पासून भाड्याच्या प्रत्येक घरात हर एक बेडरूममध्ये, बेडरूमना जोडणाऱ्या हॉलवेत आणि प्रत्येक मजल्यावर परस्परांशी जोडलेले फोटोइलेक्ट्रिक अलार्म असावेच लागतात. त्यांचा खर्च मालकाचा.

पण तंत्रज्ञ गेल्यावर त्या घरात राहतो आपण. दर 12 महिन्यांतून निदान एकदा बटण दाबून पाहणं, धूळ झटकणं, बदलता येण्याजोगी बॅटरी संपली तर नवी घालणं, बिघाड दिसला तर मालकाला किंवा एजंटला कळवणं, हे भाडेकरूचं काम आहे. अलार्म काढून ठेवणं किंवा त्यात ढवळाढवळ करणं बेकायदेशीर आहे. आपल्या लोकांना हे निक्षून सांगावंसं वाटतं. मिरचीची फोडणी बसली की अलार्म वाजतो, गणपतीत धूप लावला की वाजतो, म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली मी चांगल्या शिकलेल्या घरांतून पाहिली आहे. आरती संपते, पाहुणे जातात, पिशवी तशीच राहते. आणि त्याच खोलीत लेकरं झोपतात! फोडणीआधी खिडकी उघडावी, चिमणीचा पंखा लावावा. तरीही वाजलाच तर बहुतेक अलार्मवर काही मिनिटं आवाज थांबवण्याची सोय असते, मग तो आपोआप पुन्हा जागा होतो. एवढं करूनही रोज वाजत असेल तर तो चुकीच्या जागी बसवलेला असण्याची शक्यता आहे. तसं एजंटला लेखी कळवावं. करार वाढवणार नाहीत या धास्तीने नवीन आलेली कुटुंबं गप्प बसतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. चालता अलार्म मागणं म्हणजे मालकाचे उपकार मागणं नव्हे.

स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना हीच व्यवस्था करायला 1 जानेवारी 2027 पर्यंतची मुदत कायद्याने दिली. ज्या मैत्रिणींनी इथे घरं घेतली, त्यांना मी एकच सांगत आले आहे: मुदतीची वाट पाहू नका, आधी मुलांच्या खोलीतला बसवा.