काळ्या खिडकीतली नळजोडणी

'कमांड लाइन शिकायची आहे, आधी कुठल्या कमांड पाठ करू?' असं एका वाचकाने विचारलं आहे. पाठ काहीच करू नका. मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल उघडा (विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, टाकून घ्यावी), 'एलएस' टाइप करून एंटर मारा. फायलींची यादी समोर येईल. 'सीडी'पुढे फोल्डरचं नाव दिलं की तुम्ही त्या फोल्डरात. फक्त 'आरएम' जपून वापरा. तिने उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडत नाही.

नावं अशी तोडकी का? या कमांड मूळच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, आणि युनिक्सचा जन्म 1969 चा, न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमधला. तेव्हाचा टेलिटाइप सेकंदाला जेमतेम 10 अक्षरं कागदावर उमटवायचा. मग काटकसर अंगवळणीच पडली. काम फत्ते झालं तर बऱ्याच कमांड आजही चकार शब्द काढत नाहीत, आणि नवख्याला वाटतं, काही झालंच नाही!

युनिक्स म्हटलं की केन थॉम्पसन आणि डेनिस रिची. 1983 चा ट्युरिंग पुरस्कारही त्यांनाच. त्यांचे विभागप्रमुख डग्लस मॅकिलरॉय यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. बागेतल्या नळीला गरजेप्रमाणे आणखी एक तुकडा जोडावा, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत, हे त्यांनी 1964 मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं. पुढे अनेक वर्षं त्यांनी हा धोशा सोडला नाही. अखेर 1973 मध्ये थॉम्पसन यांनी एका रात्रीत ती सोय करून दिली. कीबोर्डवरची उभी रेघ म्हणजे तो जोड, 'पाइप'.

करून बघा. एका ओळीत एक, अशी गावांची नावं असलेली फाइल घ्या. ती 'सॉर्ट'ला द्या, उभी रेघ, मग 'युनिक -सी': कुठलं गाव किती वेळा आलं ते हजर. 'सॉर्ट' गाळलंत तर मात्र आकडे फसतील, कारण 'युनिक' फक्त लगतच्याच ओळी ताडून पाहते.

1986 मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी मजकुरातले शब्द मोजणारा पानंच्या पानं लांबीचा देखणा प्रोग्रॅम एका सदरासाठी लिहिला. परीक्षण मॅकिलरॉय यांच्याकडे होतं. त्यांनी तोंडभर स्तुती केली आणि तेच काम सहा कमांड पाइपने जोडून करून दाखवलं. क्नुथ यांच्यावर हा जरा अन्यायच, कारण त्यांना प्रोग्रॅम लिहिण्याची स्वतःची शैली दाखवायला सांगितलं होतं. पण त्या सहा कमांड आजच्या लॅपटॉपवरही चालतात.