टोपलीतले भांडवल

महामारीने छोटे धंदे बुडाले, असे आपण म्हणतो. पण धंदा बुडतो म्हणजे नेमके काय होते, हे मला माझ्या मावशीच्या टोपलीने शिकवले. चिखली तालुक्यातली ही मातंग बाई शिंदीच्या केरसुण्या बांधते आणि आसपासच्या खेड्यांच्या आठवडी बाजारांत विकते. निदान विकत होती.

25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागली. आठवडी बाजार बंद झाले. भाजीपाला जीवनावश्यक ठरला, केरसुणी ठरली नाही. "काहून रे, घर झाडाले झाडू लागत नाही का?" मावशीने विचारले. मी मास्तर असूनही मला उत्तर देता आले नाही.

दुकानदाराचे भांडवल गल्ल्यात, बँकेत, मालात विखुरलेले असते. मावशीचे सारे भांडवल टोपलीत. या बाजाराच्या पैशातून पुढच्या बाजाराची शिंदी आणि घरचे पीठ-मीठ. धंद्याचा बटवा आणि चुलीचा बटवा एकच. बाजार थांबला तरी चूल थांबत नाही. घरातल्या पुरुषांची मजुरी बंद पडली तेव्हा हाताशी रोख पैसा होता तो तिचाच. तो पोटात गेला. बाईचा धंदा आधी बुडतो तो असा. तिला व्यवहार कळत नाही म्हणून नव्हे.

15 ऑक्टोबरपासून राज्यात आठवडी बाजारांना परवानगी मिळाली. 14 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. त्या दिवशी केरसुणीला हळदकुंकू वाहणारा गाव ती बांधणाऱ्या बाईला गावकुसाबाहेर ठेवतो, हा वेगळा विषय. पण वर्षाचा खरा हंगाम हाच. बाजार उघडा होता, गिऱ्हाईक होते, आणि मावशीजवळ शिंदी घ्यायला पैसा नव्हता.

मग मदतीचे काय? रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते ऑगस्ट 2020 अखेरपर्यंत लांबवण्याची मुभा दिली होती. व्याज मात्र चढत राहिले. जून 2020 मध्ये आलेल्या स्वनिधी योजनेचे 10,000 रुपयांचे कर्ज शहरांतल्या पथविक्रेत्यांसाठी होते. फेब्रुवारी 2021 मध्ये बुलढाण्यात पुन्हा निर्बंध आले आणि 14 एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीच्याच रात्रीपासून, राज्यभर कडक संचारबंदी. तेव्हा जाहीर झालेले 1,500 रुपये नोंदणीकृत फेरीवाल्यांना. मावशीची नोंद कुठल्या वहीत असणार? बाजारात बसण्याची पावती मात्र ती दर आठवड्याला पैसे मोजून घेत आली होती. कार्यकर्त्यांनी इथेच हात घालावा असे मला वाटते: ही पावतीच तिच्या धंद्याचा पुरावा मानली जावी.

गावातल्या सहा बायांच्या पावत्या मी वहीत चिकटवून ठेवल्या आहेत. मावशीच्या सापडल्या नाहीत. ती आता सोयाबीन सोंगायला जाते.