लोटलीचा हसरा शेजारी

लोकांना हसणारे पुष्कळ असतात. पण ज्याच्याकडे पाहून हसायचे, त्यालाच आपल्या शेजारी बसवून हसणारा माणूस विरळा. मारिओ मिरांडा तसे होते. व्यंगचित्रकार म्हणून त्यांचे नाव दूरदूर गेले, पण माझ्या लेखी ते शेवटपर्यंत सासष्टीतल्या लोटली गावचे गावकरीच राहिले.

त्यांचा जन्म २ मे १९२६ चा, दमणचा. घर मात्र लोटलीचे. भिंतींवर चित्रे काढणाऱ्या मुलाला आईने कोरी वही आणून दिली, आणि भिंती वाचल्या! पाद्र्यांची चित्रे काढल्याबद्दल शाळेत बोलणीही बसली. तरुणपणी ते रोजनिशी लिहीत, तीही चित्रांतून. त्यांपैकी १९४९ ते १९५१ या तीन वर्षांच्या वह्या पुढे पुस्तकरूपाने आल्या. त्या चाळताना आपण कुणाच्या तरी ओसरीवर बसून गावगप्पा ऐकतो आहोत, असेच मला वाटते.

मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ते इतिहास शिकले. १९५९ साली शिष्यवृत्तीवर पोर्तुगालला गेले, मग काही वर्षे लंडनला राहिले. परतल्यावर मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांतून त्यांची मंत्री बंडलदास, नटी निंबूपाणी, मिस फोन्सेका ही मंडळी घरोघर पोचली. बंडलदासांचे नावच सगळे सांगून जाते. पण त्यांचाही राग येत नाही. आपल्याच नात्यातला एखादा बढाईखोर काका आठवतो, एवढेच.

कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर त्यांनी रंगवलेली गर्दी मी अनेकदा पाहिली आहे. पाहता पाहता चहा निवतो. एवढ्या गर्दीत एकही माणूस नुसता जागा भरायला आलेला नाही. प्रत्येकाचे काहीतरी चाललेले असते, आणि ते चित्रकाराने आपुलकीने टिपलेले असते. मला वाटते, ही गावची नजर. गावात कुणीच अनोळखी नसतो. ज्याची थट्टा करायची, त्याच्याच घरी उद्या लग्नाला जेवायचे असते. म्हणून थट्टेला आपोआप मर्यादा पडते. आज विनोदाच्या नावाखाली समोरच्याला घायाळ करण्याची चढाओढ दिसते, तेव्हा ही मर्यादा फार आठवते.

लोटलीतले त्यांचे जुने, ऐसपैस घर श्याम बेनेगल यांच्या १९८५ च्या ‘त्रिकाल’ चित्रपटात अनेकांनी पाहिले असेल. अखेरची वर्षे मारिओ याच घरी राहिले आणि ११ डिसेंबर २०११ रोजी इथेच त्यांनी जगाचा निरोप घेतला. पुढच्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

मानसन्मान मोठा खराच. पण एवढ्या माणसांची आयुष्यभर थट्टा करूनही त्यांच्यातलाच एक म्हणून जगता येणे, हे मला त्याहून मोठे वाटते.