लोहगडाच्या पायथ्याची भातलावणी

जुलैत लोहगडाकडे निघालेल्या गाड्या भाजे गावातून मुंगीच्या पावलांनी सरकत असतात, तेव्हा खालच्या खाचरांत माणसं कमरेत वाकलेली असतात. निम्मं काम त्याआधीच उरकलेलं असतं. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत थराथरानं पसरून राब भाजायचा. तणाचं बी जळतं, राख खताला होते. त्याच जागेत बी फोकायचं आणि तीनेक आठवड्यांनी रोपं उपटायची.

ही उपटणी जवळून बघावी. रोपं बुडाशी धरून अलगद ओढायची, मुळांचा चिखल पाण्यात आपटून झाडायचा, गवताच्या काडीनं मूठ बांधायची आणि चिखलणी झालेल्या खाचरात भिरकावायची. चिखलणीला आता बैलांऐवजी बहुतेक ठिकाणी पॉवर टिलर दिसतो. लावणी मात्र अजून हातानं आणि सावडीनं होते, आज तुमच्याकडे तर उद्या आमच्याकडे. दोन-तीन काड्या चिमटीत धरून रोवायच्या, पाऊल मागं घ्यायचं. मी बांधावर उभा होतो. "खोल नको गं दाबू, फुटवे येत न्हाईत," एक मावशी नव्या सुनेला सांगत होत्या. मान वर न करता.

इथली शेती जुनी आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं वर्षावासाला, म्हणजे पावसाळी मुक्कामाला, येणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दान दिलं, तसा लेख जवळच्याच कार्ल्याच्या लेण्यात आहे. गाव दिलं म्हणजे गावचं पीक दिलं. शिवरायांचे मावळेही याच खोऱ्यांतले. पावसाळ्यात शेत आणि दसऱ्यानंतर मोहीम, असं त्यांचं वर्ष. २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आनंदच आहे. पण गडाइतकं जुनं कसब पायथ्याच्या चिखलात चालू आहे, त्याला कुणी पाटी लावत नाही.

आपल्या ताटातला इंद्रायणी तांदूळही इथलाच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं तो वाण १९८७ मध्ये दिला, आंबेमोहराचा वास त्यात उतरला. आता रस्त्याकडेची खाचरं फार्महाऊससाठी विकली जाताहेत, आणि विकणाऱ्याला नावं ठेवायला मी धजत नाही.

एवढंच करा: पावसाळ्यात गडावर जाताना गाडी बांधावर चढवू नका. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं, आणि त्या पाण्यावरच लावणी उभी असते.