सहा मिनिटांची भट्टी

साच्यात धातूचा रस ओतला, की पुढचं सगळं अंधारात घडतं. ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, किंवा तडा कळतो तो कास्टिंग मशीनवर चढल्यावर. धातुशास्त्रज्ञांचीही वर्षानुवर्षं हीच गत होती. थंड तुकडा कापायचा, घासायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि काय झालं असेल याचा तर्क लढवायचा: निव्वळ पोस्टमॉर्टेम. १९६०च्या दशकापासून पारदर्शक सेंद्रिय पदार्थ गोठवून डोळ्यांदेखत पाहता येऊ लागलं खरं, पण ते काही धातू नव्हेत.

ही कोंडी क्ष-किरणांनी फोडली. अॅल्युमिनियममधून ते सहज पार होतात, तांबं त्यांना अडवतं. या दोन्हींचा मिश्रधातू गोठताना अॅल्युमिनियमचे स्फटिक तांब्याला बाहेर ढकलतात. त्यामुळे पडद्यावर फांद्याफांद्यांनी वाढणारे डेंड्राइट उजळ दिसतात आणि भोवतीचा रस काळवंडत जातो. नमुना मात्र ०.२ मिलिमीटरच्या आसपास पातळ हवा. जाड झाला की फांद्या एकमेकींवर चढून नुसता गिचमिडा. नॉर्वेचे राग्नवाल्ड मथीसेन आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या ८४४ मीटर परिघाच्या यंत्रावर, कथील-शिशाच्या मिश्रधातूत असंच दृश्य टिपलं. १९९९मध्ये ते प्रसिद्ध झालं.

दिसू लागल्यावर गुरुत्वाकर्षणाची लुडबुडही दिसली. तांब्याने जड झालेला रस खाली बसू पाहतो, त्यातून प्रवाह उठतात. एखादी फांदी बुंध्याशी वितळून तुटते, आणि हलकी असल्याने वर तरंगत निघून जाते. मग धातूचा स्वतःचा स्वभाव कुठला आणि पृथ्वीची करणी कुठली?

हे वेगळं करायला वजनरहित अंतराळात जावं, तर सिंक्रोट्रॉन थोडाच अग्निबाणात मावणार! म्हणून युरोपीय अवकाश संस्थेच्या एक्सआरमॉन प्रकल्पात क्ष-किरणांची छोटी नळी, भट्टी आणि कॅमेरा एकत्र बसवले. २० टक्के तांब्याचा अॅल्युमिनियम घेऊन हे यंत्र फेब्रुवारी २०१२मध्ये स्वीडनमधल्या किरुनाजवळच्या एसरेंज तळावरून मेसर-१२ अग्निबाणाने वर गेलं. वजनरहित अवस्था मिळते जेमतेम ६ मिनिटं. गोठणं तेवढ्यात उरकायचं. यंत्राची खरी कसोटी मला या घाईत वाटते.

त्या खेपेला वाढ भट्टीच्या थंड टोकाकडून होत गेली. डिसेंबर २०१५मध्ये मेसर-१३वर नमुन्याचं तापमान सगळीकडे जवळपास सारखं ठेवलं, म्हणजे स्फटिक जागोजागी सुटे उगवतील. कारखान्याच्या साच्यात दोन्ही प्रकार एकाच वेळी असतात, आणि पहिला कुठे थांबून दुसरा सुरू होतो यावर कास्टिंगची मजबुती बरीचशी ठरते.