वर्तुळात कोरलेला वेढा

इसवी सन १५२९ च्या सप्टेंबरअखेर सुलतान सुलेमानाच्या अफाट फौजेने व्हिएन्नास वेढा घातला, आणि पावसाने रस्ते बुडालेले, रसद खुंटलेली व हिवाळा तोंडावर आलेला पाहून ऑक्टोबरच्या मध्यास तो उठवला. या अवघ्या तीन आठवड्यांच्या प्रसंगाची जी काष्ठमुद्रित चित्रे पुढे निघाली, त्यांत न्यूरेंबर्गच्या निक्लास मेल्डेमनने १५३० साली प्रसिद्ध केलेले सहा ठशांचे वर्तुळाकार चित्र मला सर्वांत विलक्षण वाटते.

वेढा चालू असताना तेथील संत स्टीफनच्या चर्चच्या मनोऱ्यावरून एका चित्रकाराने चहूकडचा देखावा रेखून ठेवला होता. मेल्डेमनने पुढे व्हिएन्नास जाऊन ते रेखाटन पैदा केले, आणि त्यावरून ठशांसाठीचे चित्र झेबाल्ड बेहामने रचले असे अभ्यासक मानतात. मधोमध मनोरा, भोवती तट, तटाबाहेर तुर्कांचे डेरे व जळणारी खेडी, आणि कागदाच्या कडेने फिरणारे क्षितिज अशी मांडणी असल्यामुळे एका बाजूची माणसे सुलट दिसली की समोरची उलटी होतात, व जात्यासारखा कागद फिरवल्यावाचून पाहणाऱ्याची सुटका नसते. आतली घरे बहुतेक गाळून, प्रमुख इमारती तेवढ्या ठेवून, मोकळी झालेली जागा शिबंदीला दिली आहे; नकाशा म्हणून हा दोष खरा, परंतु वेढलेल्या शहराचे मन त्या दिवसांत घरांत नसून तटावरच होते, हे ध्यानात घेता तो मला क्षम्य वाटतो.

ठसा कोरणाराचे कसब मात्र निराळेच. जेथे रेघ उमटावयाची तेवढेच लाकूड उंच राखून बाकीचे कोरून काढावयाचे, अशी ही विद्या असल्यामुळे भाल्यांची उभी रांग तिला सहज वश होते. धुराचे लोट ती कुरळ्या रेघांवर भागवते. लढाईतला खरा गोंधळ तिला क्वचितच साधतो. ड्यूररने १५२७ साली दोन ठशांत छापलेल्या किल्ल्याच्या वेढ्यातही फौजेची शिस्तच अधिक दिसते, पण तो वेढा काल्पनिक होता. मेल्डेमनच्या गिऱ्हाइकाला घडलेलेच हवे होते. म्हणून त्याने खुलाशाची पुस्तिका छापली व चित्र खरेखुरे असल्याची ग्वाही तिच्या मथळ्यातच देऊन टाकली. कारण न्यूरेंबर्गातच हान्स गुल्डेनमुंड हाही तुर्कांची चित्रे छापून विकत होता.