परदेशातल्या एका उन्हाळ्यावरून देश ठरवायचा का?

मे ते जुलै परदेशात इंटर्नशिप करून जे परत आलेत, किंवा अजून तिथेच बॅग भरतायत, त्यांच्यासाठी आजचा भाग. मी यंदा जर्मनीत ग्योटिंगेनला अकरा आठवडे एका लॅबमध्ये होते. परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "मग, मास्टर्सला तिकडेच ना?" बाबांनी तर बँकेत कर्जाची चौकशीसुद्धा करून ठेवली. माझं उत्तर सध्या एकच आहे: दिवाळीपर्यंत थांबा. का, ते सांगते.

१९५५ साली स्वेरे लिसगोर या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाचा एक लेख आला. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांशी बोलून त्याने तो लिहिला होता. त्यात काय दिसलं? सहा महिन्यांच्या आत परतलेले मजेत होते. दीड वर्षाच्या वर राहिलेलेही रुळले होते. जड गेलं ते मधल्यांना. आलेख काढला तर इंग्रजी 'यू' अक्षर होतं. पुढच्या अभ्यासांत हा 'यू' सगळ्यांच्या बाबतीत काही सापडला नाही, पण आपल्याला त्यातून एक प्रश्न मिळतो.

आपण अडीच महिन्यांवाले या 'यू'वर कुठे असतो? अगदी सुरुवातीला. उतार लागायच्या आतच आपण विमानात बसतो.

त्यात पुन्हा उन्हाळा. जूनमध्ये ग्योटिंगेनला सूर्य साडेनऊनंतर मावळतो. लॅब सुटल्यावरही अख्खी संध्याकाळ हातात. डिसेंबरमध्ये तोच सूर्य सव्वाचारच्या सुमाराला गायब! तो डिसेंबर मी पाहिलेलाच नाही. मला परीक्षा नव्हती, खोली आधीच ठरलेली होती, स्टायपेंड वेळेवर येत होता. मास्टर्सचा विद्यार्थी खोली स्वतः शोधतो, पेपर देतो, जमलं तर पार्टटाइम काम करतो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही हे खरं, पण व्हिसासाठी खर्चाची सोय दाखवावी लागते. त्यासाठी बरेच जण ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात. म्हणजे देश तोच, पण जगणं वेगळं.

आता दुसरी बाजू. १९६३ मध्ये जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकन संशोधकांनी म्हटलं, की घरी परतल्यावरही तसाच एक खड्डा येतो. 'यू'ला आणखी एक 'यू' जोडा, झाला 'डब्ल्यू'. मला हे लगेच पटलं. तिथे रविवारी दुकानं बंद, रस्ते शांत. इथे पुण्यात उतरले तर ढोल-ताशा पथकांचा सराव जोरात. दरवर्षी मला आवडणारा तोच आवाज यंदा पहिला आठवडा डोक्यात जात होता. आई म्हणाली, "तुला आता सगळंच खटकायला लागलंय गं."

गोम इथेच आहे. तिकडचं पारडं फक्त चांगल्या दिवसांनी भरलंय आणि इकडचं परतीच्या चिडचिडीने. अशा तराजूवर कर्जाचा आणि पुढच्या दोन वर्षांचा निर्णय तोलायचा नसतो.

मग करायचं काय? मी तीन गोष्टी करतेय.

एक, तिथला एखादा साधा मंगळवार आठवून लिहायचा. फोटोतला किल्ला नको. सकाळची बस, कॅन्टीनमधलं जेवण, रिकामी बाटली मशीनमध्ये टाकून परत मिळालेले २५ सेंट, रात्री एकटीने केलेली खिचडी. असे दिवस आवडले होते का, हा खरा प्रश्न.

दोन, तिथे किमान एक हिवाळा काढलेल्या कुणाशी तरी बोलायचं. "कसं आहे?" असं नाही विचारायचं. "जानेवारीत तुझा दिवस कसा जातो?" असं विचारायचं.

तीन, थांबायचं. पण अर्जाच्या तारखा कोर्सनुसार बदलतात, त्या आजच बघून ठेवा. थांबण्याच्या नादात तारीख हुकायला नको.

कदाचित दिवाळीनंतरही माझं उत्तर "हो, जर्मनीच" असेल. तेव्हा बाबांना मी डिसेंबरसकट हिशोब दाखवू शकेन.

तुमचा साधा मंगळवार कसा होता? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. चला, भेटू!